जिल्हा कोणाचा? अविभक्त ठाण्याच्या इतिहासाचा धडा

(मानपाडा येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाच्या दोन जागा आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर, दुसरी डोंबिवलीच्या पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेला. दोन्ही ठिकाणी आज उंच इमारती, दुकाने आणि वाहनांची दाटी आहे. तरीही नावातला ‘पाडा’ हा शब्द टिकून राहिला आहे. पाडा म्हणजे महसुली गाव नव्हे. गावाच्या पोटातली, बहुधा गावापासून अलग पडलेली वस्ती. सरकारी दप्तरात गावाला स्थान असते, पाड्याला ते सहसा नसते. मानपाड्याचे शहर झाले. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातले शेकडो पाडे मात्र अद्याप पाडेच आहेत. २०१४ सालापर्यंत हे दोन्ही प्रकारचे पाडे एकाच जिल्ह्यात, एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अखत्यारीत नांदत होते. त्या अविभक्त ठाणे जिल्ह्याचा इतिहास आज पाहावयाचा आहे. तो पाहण्याचे कारण गतकाळाविषयीचे कुतूहल नव्हे. जिल्हा नावाची जी चौकट सर्वांनी निसर्गदत्त मानली आहे, ती कोणी, कशासाठी आखली आणि ती बदलताना कोणाला विचारले गेले, या प्रश्नाचे उत्तर त्या इतिहासात आहे.

महसुलासाठी आखलेली चौकट

उत्तर कोकणचा हा प्रदेश प्राचीन आहे. अशोकाच्या शिलालेखांचे अवशेष सोपाऱ्यात सापडले आहेत. शिलाहारांची राजधानी ‘स्थानक’ म्हणजेच आजचे ठाणे. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि कल्याणच्या खाडीवर मराठी आरमाराची मुहूर्तमेढ रोवली गेली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पेशवाईत कल्याण सुभा हे या प्रदेशाच्या कारभाराचे मुख्य अंग होते. इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला, १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली आणि १८१७-१८ मध्ये पेशवाईबरोबरच उरलेला मुलूखही त्यांच्या हाती आला.

आधुनिक जिल्ह्याचा जन्म येथे झाला. १८१७ मध्ये ‘उत्तर कोकण’ जिल्हा निर्माण करण्यात आला आणि त्याचे मुख्य ठिकाण ठाणे ठरले. १८३० मध्ये दक्षिण कोकणाचा काही भाग त्याला जोडण्यात आला व १८३३ मध्ये त्याचे नाव ‘ठाणा जिल्हा’ असे झाले. या जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी ‘कलेक्टर’. मराठीत आज त्याला जिल्हाधिकारी म्हणतात. परंतु मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ अगदी उघड आहे. तो गोळा करणारा होता. हे पद वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये बंगालमध्ये निर्माण केले ते सारा वसूल करण्यासाठी. पुढे त्याच अधिकाऱ्याकडे दंडाधिकाऱ्याचे अधिकार आले, पोलिसांवरील देखरेख आली. सारा गोळा करणारा, साऱ्याविषयीची तक्रार ऐकणारा आणि तक्रार वाढली तर शांतता राखणारा असा हा एकच माणूस. जिल्हा म्हणजे या एका माणसाच्या आवाक्यात येईल एवढा प्रदेश. लोकांची भाषा, बाजार, नद्यांची खोरी, रोटीबेटी यांचा विचार त्या आखणीत ओघाने आला असेल. आखणीचे कारण तो नव्हता.

ही गोष्ट एकट्या हिंदुस्थानची नाही. फिनलंड हा देश स्वीडनच्या अमलाखाली असताना १६३४ च्या राज्यघटनेने तेथे प्रांत स्थापन झाले. प्रत्येक प्रांतावर राजाने नेमलेला गव्हर्नर असे, आणि कर व सुव्यवस्था ही त्याची मुख्य कामे असत. त्या प्रांतांच्या सीमाही राजाच्या सोयीने आणि युद्धाच्या निकालाने बदलत गेल्या. दुसऱ्या महायुद्धात व्हीपुरी प्रांताचा बराचसा भाग सोव्हिएत संघाकडे गेला, तेव्हा उरलेल्या तुकड्याला १९४५ मध्ये ‘क्युमी’ असे नवे नाव देण्यात आले. फिनलंडचे हे उदाहरण पुढे पुन्हा उपयोगी पडेल, कारण तेथील प्रांतांचा शेवट विचार करण्याजोगा आहे.

मुंबईची भूक आणि जिल्ह्याची कातरणी

ठाणे जिल्ह्याचा एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातला इतिहास म्हणजे एका कातरणीचा इतिहास आहे. १८५३ मध्ये पेण, रोहा, महाड या विभागांचा कुलाबा उपजिल्हा करण्यात आला. १८६९ मध्ये कुलाबा स्वतंत्र जिल्हा झाला. १८८३ मध्ये पनवेल आणि १८९१ मध्ये खालापूर पेट्यासह कर्जत कुलाब्याला देण्यात आले. हा कुलाबा जिल्हा १९८१ पासून रायगड या नावाने ओळखला जातो. १९२० मध्ये साष्टीचे दोन भाग झाले आणि दक्षिण साष्टीची ८४ गावे काढून मुंबई उपनगर जिल्हा बनविण्यात आला. १९४५ मध्ये आणखी ३३ गावे उपनगरात गेली. त्यांपैकी १४ पुढच्याच वर्षी परत आली. १९५६ मध्ये बोरिवली भागातील गावे बृहन्मुंबईच्या विस्तारासाठी वेगळी काढण्यात आली. १९६० मध्ये द्वैभाषिकाचे विभाजन होताना उंबरगाव तालुक्यातील ४७ गावे व तीन शहरे गुजरातेत गेली आणि उरलेल्या गावांतून १९६१ मध्ये तलासरी महाल निर्माण झाला. याच्या उलट दिशेने, म्हणजे भर पडण्याचा, एक मोठा प्रसंग घडला. मुकणे घराण्याचे महादेव कोळी संस्थान जव्हार स्वातंत्र्यानंतर ठाणे जिल्ह्यात विलीन झाले.

या घटनांकडे नुसती जंत्री म्हणून पाहिले तर त्यांतून काही हाती लागणार नाही. त्यांच्यामागचे कारण शोधले तर एक सूत्र दिसते. कुलाब्याचा अपवाद सोडला तर बहुतेक वेळा जिल्ह्याची सीमा मुंबईच्या गरजेने सरकली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. मुंबईला नळाने पाणी देणारे पहिले तळे विहार हे १८६० मध्ये साष्टीत, म्हणजे त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, पूर्ण झाले. तुळशी त्यानंतर आले, १८९२ मध्ये तानसा आले. शहराला जागा हवी झाली तेव्हा साष्टी उपनगर बनली. शहराला पाणी हवे झाले तेव्हा शहापूरच्या दऱ्यांत धरणे झाली. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा हवा होता तेव्हा कल्याणजवळची लष्करी छावणी उल्हासनगर बनली. शहराला कारखाने नको झाले तेव्हा ते ठाणे-बेलापूर पट्ट्यात, डोंबिवलीत, तारापुरात आले. जिल्ह्याने हे सर्व पोटात घेतले. परंतु या देवाणघेवाणीचा हिशेब कोणी कधी मांडला नाही, कारण हिशेब मागणारी लोकनियुक्त संस्थाच जिल्ह्यात नव्हती. होते ते कलेक्टर कचेरी.

याच काळात जिल्ह्याच्या उत्तरेस दुसरे जग होते. डहाणू आणि उंबरगावच्या जंगलपट्टीत वारली शेतकरी स्वतःच्याच जमिनीवर कूळ झाले होते. गवताचे व्यापारी, जंगलाचे ठेकेदार आणि सावकार-जमीनदार यांच्या हाती जमीन गेली होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनाही जमीनदाराकडे राबावे लागे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्यानेच आपल्या अहवालात या वेठबिगारीचे वर्णन केले होते. तरीही ती अहवालाने थांबली नाही. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली, मे महिन्यात झरी येथे वारल्यांची परिषद झाली आणि वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी हा लढा संघटित केला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण ठार झाले. गोदावरीबाईंचा पक्ष वेगळा होता, मार्गही समाजवाद्यांहून वेगळा होता; परंतु ठाण्याच्या इतिहासात वेठ मोडण्याचे श्रेय त्या लढ्याला दिले नाही तर तो कृतघ्नपणा ठरेल. पुढे १९७० च्या सुमारास पालघर भागात काळूराम धोदडे यांच्या नेतृत्वाखाली भूमिसेनेने गेलेल्या जमिनी परत मिळविण्याची चळवळ केली. या लढ्यांतील लोकांना जिल्हा ठाऊक होता तो वॉरंट, जंगलखात्याचा दंड आणि दूरच्या कोर्टातली तारीख या रूपांनी.

सरासरीची फसवणूक

१९०१ साली ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे आठ लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती १ कोटी १० लाख ६० हजारांवर गेली आणि ठाणे हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. ९,५५८ चौरस किलोमीटर क्षेत्र, १५ तालुके आणि सात महानगरपालिका एकाच जिल्ह्यात होत्या. अनेक लहान राष्ट्रांची लोकसंख्या याहून कमी आहे. फिनलंडच्या संपूर्ण देशाची लोकसंख्या त्या काळी सुमारे ५४ लाख, म्हणजे या एका जिल्ह्याच्या निम्मी होती.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये जो अहवाल दिला, त्यात अनुशेष मोजण्याचे एकक जिल्हा हे होते. ते त्या काळी अपरिहार्य होते, कारण आकडे जिल्हावारच मिळत. परंतु ज्या जिल्ह्यात ठाणे-बेलापूरचे कारखाने आहेत आणि मोखाड्याचे पाडेही आहेत, तेथे सरासरी कोणाचीच खरी स्थिती सांगत नाही. कारखान्याचे उत्पन्न आणि नाचणीच्या वरकस जमिनीचे उत्पन्न एकत्र करून माणशी भागले की जो आकडा येतो तो पाहून सरकार समाधानाने म्हणते, जिल्हा पुढारलेला आहे. मग आश्रमशाळेला शिक्षक, आरोग्यकेंद्राला डॉक्टर आणि पाड्याला रस्ता मिळण्याचा क्रम मागे पडतो. अविभक्त जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. शंभरात चौदा ही संख्या कोणत्याही सभागृहात दुर्लक्षिता येते.

या दुर्लक्षाची किंमत १९९२ मध्ये उघड झाली. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. मंत्री आले, योजना आल्या. परंतु ‘देशातील प्रगत जिल्ह्यात हे कसे घडले’ असा जो प्रश्न त्या वेळी विचारला गेला, तोच चुकीचा होता. प्रगत जिल्ह्यात हे घडले नव्हते. ज्या प्रदेशाच्या नावावर दुसऱ्याची प्रगती मांडली जात होती, त्या प्रदेशात ते घडले होते.

२०१४ चे विभाजन

मोखाड्याच्या माणसाला ठाण्याच्या कचेरीत यायचे तर शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागे. एका दाखल्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडे. विभाजनाची मागणी त्यामुळे अनेक वर्षे होत होती आणि ती न्याय्य होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा हे आठ तालुके त्यात गेले. ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, मुरबाड आणि शहापूर हे सात ठाण्यात राहिले. जव्हारकरांची मागणी मुख्यालय जव्हारला व्हावे अशी होती. ती मान्य झाली नाही. रेल्वेमार्गावरचे पालघर मुख्यालय ठरले आणि कोळगाव येथे सिडकोने बांधलेल्या भव्य इमारतींचे उद्घाटन २०२१ मध्ये झाले. जव्हारच्या माणसाला आजही घाट उतरून, विक्रमगड आणि मनोर ओलांडून तेथे यावे लागते.

या विभाजनाने काय साधले? पालघर जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण सुमारे ३७ टक्के आहे. चौदा टक्क्यांपेक्षा सदतीस टक्क्यांकडे डोळेझाक करणे अवघड, एवढा लाभ निर्विवाद आहे. परंतु पालघरच्या सुमारे ३० लाख लोकसंख्येपैकी १२ लाखांहून अधिक एकट्या वसई-विरार शहरात राहतात. म्हणजे सरासरीची जुनी फसवणूक नव्या, लहान चौकटीत तशीच उभी राहिली. सूर्या धरणाचे उदाहरण घ्यावे. हे धरण डहाणू, विक्रमगड, पालघर भागातील शेती भिजविण्यासाठी म्हणून बांधले गेले. त्यासाठी आदिवासी उठले. पुढे त्याच पाण्याचा मोठा वाटा वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांना देण्यात आला. शहरातल्या श्रमिकालाही पाणी हवे, यात वाद नाही. वाद आहे तो एवढाच की हा निर्णय घेताना ज्यांची जमीन गेली त्यांच्या ग्रामसभेचे मत निर्णायक मानले गेले नाही. वाढवण बंदराचे भूमिपूजन २०२४ मध्ये झाले, तेव्हाही किनाऱ्यावरील मच्छीमारांचा आणि गावांचा विरोध बाजूस सारला गेला. जिल्हा वेगळा झाला, मुंबईची भूक तीच राहिली.

ठाण्याच्या बाजूलाही चित्र निराळे नाही. भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईच्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा भातसातून येतो. आणि त्याच शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मानपाड्याच्या परिसरात येणारे पाणीही डोंगरातल्या बारवी धरणाचे आहे, त्याच्याखालीही गावे गेली आहेत. येथील रहिवासी पाणीटंचाईविरुद्ध मोर्चा काढतात तेव्हा तो मोर्चा योग्यच असतो. परंतु नळाच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे त्या मोर्चाला माहीत असले पाहिजे.

रेघ कोण ओढतो?

सीमारेषांच्या या खेळाचा अनुभव मानपाड्याच्या परिसराला दूरचा नाही. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली तेव्हा या भागातील २७ गावे तीत घेण्यात आली. २००२ मध्ये ती वगळण्यात आली. २०१५ मध्ये पुन्हा घेण्यात आली. २०२० मध्ये त्यांतील १८ गावे काढून स्वतंत्र नगरपरिषद करण्याची अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस उच्च न्यायालयाने ती रद्द केली. गावे जागची हलली नाहीत. त्यांच्या घरपट्टीचे दर, बांधकामाचे नियम आणि दाद मागण्याचे दार मात्र चार वेळा बदलले. गावांनी सभा घेतल्या, मोर्चे काढले, निवडणुकीवर बहिष्कार घातला. तथापि कायद्याने त्यांना जो अधिकार होता तो हरकत नोंदविण्याचा. निर्णय घेण्याचा नव्हे. जिल्ह्यांच्या बाबतीतही महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये सीमा बदलण्याचा अधिकार राज्य सरकारचा आहे. हरकती व सूचना मागविल्या जातात आणि अधिसूचना निघते. १८३३ मध्ये गव्हर्नरच्या सहीने जे होत होते ते आता मंत्रिमंडळाच्या ठरावाने होते. यातला फरक मोठा आहे, पण पुरेसा नाही.

समाजवादी विचाराने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी मांडले होते. डॉ. राममनोहर लोहिया यांनी ‘चौखंबा राज्या’ची कल्पना मांडली. गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र हे सत्तेचे चार खांब, प्रत्येक आपापल्या क्षेत्रात सार्वभौम अधिकाराचा वाटेकरी. कलेक्टरचे पद रद्द करावे आणि शासकीय व योजनाखर्चाचा एक चतुर्थांश भाग गाव, शहर व जिल्हा पंचायतींमार्फत व्हावा, अशी त्यांची स्पष्ट मागणी होती. पुष्कळांना ती अव्यवहार्य वाटली. कलेक्टरशिवाय जिल्हा चालेल कसा, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो.

येथे फिनलंडकडे पुन्हा वळले पाहिजे. १६३४ पासून चालत आलेली तेथील प्रांतव्यवस्था १९९७ मध्ये बारा प्रांतांवरून सहा प्रांतांवर आणण्यात आली आणि २००९ च्या अखेरीस प्रांतच रद्द झाले. पावणेचारशे वर्षांची गव्हर्नरपदे एका कायद्याने संपली. त्यांची कामे प्रादेशिक प्रशासकीय कार्यालयांकडे गेली. आकाश कोसळले नाही. याचे कारण असे की तेथील नगरपालिका आणि ग्रामीण पालिका स्वतःचा प्राप्तिकर आकारतात आणि शाळांसारख्या सेवा स्वतः चालवितात. खालचा खांब भक्कम होता म्हणून मधला, नेमणुकीचा खांब काढता आला. अर्थात हा देश लहान, श्रीमंत आणि विषमता कमी असलेला आहे. त्याची नक्कल येथे करता येणार नाही. परंतु ‘वरून नेमलेल्या अधिकाऱ्याशिवाय प्रदेशाचा कारभार अशक्य आहे’ हे विधान खोटे ठरविण्यास हे एक उदाहरण पुरेसे आहे.

महाराष्ट्राने या दिशेने एक महत्त्वाचे पाऊल टाकले होते, याचे विस्मरण होऊ नये. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि कलेक्टरला त्यांच्याबाहेर ठेवण्यात आले. त्या काळी हा धाडसी निर्णय होता. १९७८ मध्ये अशोक मेहता समितीनेही जिल्हा हाच विकेंद्रीकरणाचा पहिला टप्पा मानला. मग झाले काय? कलेक्टर दुसऱ्या दाराने परत आला. जिल्हा नियोजनाचा पैसा ज्या समितीमार्फत वाटला जातो तिचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य-सचिव जिल्हाधिकारी. जिल्हा परिषदेच्या लोकनियुक्त अध्यक्षाचे स्थान त्या टेबलाच्या कडेला. पालकमंत्री बहुधा राज्याच्या राजकारणातून ठरतो. तो त्या जिल्ह्याचा असेलच असेही नाही. त्यात भर म्हणजे निवडणुकाच लांबतात. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर अनेक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ठाणे जिल्हा परिषदेवरही मुदत संपल्यावर प्रशासक आला. लोकनियुक्त सभागृह वर्षानुवर्षे नसले तरी कारभार चालू राहतो आणि जनता ते सोसते, ही गोष्ट महापौर कोणत्या पक्षाचा यापेक्षा अधिक चिंतेची आहे.

पुढील काम

तात्पर्य काय? ठाणे जिल्ह्याचे विभाजन चुकीचे होते असे नाही. जव्हारला स्वतंत्र जिल्हा हवा ही मागणीही अवाजवी नाही. परंतु सुमारे दोनशे वर्षांच्या या इतिहासातून एवढे निश्चित शिकता येते की नुसत्या नव्या रेघेने सत्ता लोकांजवळ येत नाही. रेघेबरोबर कचेरी जवळ येते. कचेरीतील निर्णयाचा अधिकार जेथे होता तेथेच राहतो. म्हणून कार्यकर्त्यांनी मागणीची भाषा बदलली पाहिजे.

पहिली मागणी : कोणत्याही जिल्ह्याची, तालुक्याची वा महापालिकेची सीमा बदलण्यापूर्वी संबंधित ग्रामसभांचे व प्रभागांचे मतदान घेणे कायद्याने बंधनकारक व्हावे. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला मान्यता दिली आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्याचे नियमही केले; त्यात पाड्याला स्वतःची ग्रामसभा घोषित करून घेण्याची वाट आहे. ती वाट प्रत्येक पाड्यापर्यंत नेणे हे संघटनेचे काम आहे, शासनाच्या मर्जीचे नव्हे.

दुसरी : नियोजनाचे आणि अनुशेषाचे आकडे तालुकावार, शक्य तेथे गाववार, दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत. जिल्ह्याच्या सरासरीआड दारिद्र्य लपविण्याची सोय बंद झाली पाहिजे.

तिसरी : जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद लोकनियुक्त स्थानिक प्रतिनिधीकडे असावे आणि मुदत संपलेल्या संस्थांच्या निवडणुका सहा महिन्यांच्या आत व्हाव्यात.

चौथी : ज्या खोऱ्यातून शहराला पाणी जाते, त्या खोऱ्यातील गावांना पिण्याचे पाणी आणि पाण्याच्या उत्पन्नातील वाटा हक्काने मिळावा.

या चारही मागण्या मानपाड्यातून केल्या जाव्यात, याला विशेष अर्थ आहे. शहापूर-मोखाड्याने त्या केल्या तर त्याला गाऱ्हाणे म्हटले जाईल. शहराने केल्या तर त्या न्यायाच्या ठरतील. येथे गिरणीतून, कारखान्यातून, कोकणातून आणि देशावरून आलेली श्रमिक माणसे राहतात. त्यांचाही कारभार गेली कित्येक वर्षे त्यांना न विचारता चालला आहे. शहरातला रांगेतला माणूस आणि डोंगरातला टँकरची वाट पाहणारा माणूस हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत असे भासविण्यात राज्यकर्त्यांचे हित आहे. एकाच कचेरीच्या दारात ते दोघे उभे आहेत, ही जाणीव निर्माण करण्यात चळवळीचे हित आहे.

अविभक्त ठाणे जिल्हा आता इतिहासजमा झाला. तो परत यावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या जिल्ह्याने ज्या दोन पाड्यांना एकत्र ठेवले होते, त्यांतील एक शहर होऊन दुसऱ्याला विसरला, तर रेघ ओढणाऱ्याचा हात आणखी शंभर वर्षे तोच राहील. मित्रहो, तो हात बदलण्याची सुरुवात येत्या ग्रामसभेत आणि येत्या प्रभागसभेत करावयाची आहे.